खाल्ल्या मिठाला जागणारा प्राणी

‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत इतका रूढ झालेला आहे की तो उच्चारताना प्रत्यक्ष मिठाचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. धन्याचे अन्न खाऊन त्याच्याशी इमान राखणे एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो, आणि या इमानाचे उदाहरण द्यावयाचे झाले म्हणजे सर्वांत आधी कुत्र्याचे नाव घेतो. आठवीच्या वर्गाचे निबंध तपासताना ‘कुत्रा हा खाल्ल्या मिठाला जागणारा प्राणी आहे’ हे वाक्य दरवर्षी निदान वीस वह्यांत तरी मला भेटते. वाक्य चुकीचे नाही, आणि त्यासाठी मी कधी गुणही कापले नाहीत. परंतु ज्या मिठाला तो जागतो ते मीठ त्याच्या शरीराला किती लागते, आणि ते अधिक झाल्यास त्याचे काय होते, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते. मलाही गेल्या मे महिन्यापर्यंत नव्हती. आणि त्या अज्ञानापायी शेजारच्या घरातील एका कुत्र्याचा जीव जाण्याची वेळ आली होती. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. तत्पूर्वी मिठाविषयी थोडे बोलणे भाग आहे.

आम्हां गोव्याच्या लोकांना मिठाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पावसाळा तोंडावर आला की घरोघर ‘पुरुमेंता’ची म्हणजे चातुर्मासाच्या बेगमीची लगबग सुरू होते. हा शब्द पोर्तुगीजांचा, पण बेगमीची रीत त्यांच्याही आधीची असली पाहिजे, कारण पाऊस त्यांच्या आधीपासून पडतो आहे! १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांसाठी खारे बांगडे, सुके बोंबील, सुकट यांचे साठे करून ठेवतात. आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी चोरिसांच्या माळा तयार होतात.

चोरीस कसे करतात हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. डुकराच्या मांसाचे व चरबीचे बारीक तुकडे करून त्यांना भरपूर मीठ चोळतात व दडपणाखाली ठेवतात. मांसाला पाणी सुटते, ते काढून टाकतात आणि तुकडे उन्हात सुकवितात. मग लाल मिरच्या, लसूण, आले, हळद, मिरी, लवंग, दालचिनी हा मसाला माडाच्या सुरेच्या सिरक्यात वाटून त्यात ते तुकडे मुरवितात. शेवटी स्वच्छ केलेल्या आतड्यात ते भरून जागोजाग दोऱ्याने आवळतात, आणि ती माळ चुलीवरच्या धुरात टांगून ठेवतात. अशी माळ महिनेच्या महिने टिकते.

ती टिकते याचे मुख्य कारण मीठ. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात भांड्याच्या तळाशी पाणी साचलेले तुम्ही पाहिले असेल. विज्ञानाच्या तासाला या क्रियेचे नाव ‘परासरण’ असे तुम्ही शिकलात. पातळ पडद्याच्या एका बाजूस मीठ अधिक असले तर दुसऱ्या बाजूचे पाणी त्या दिशेने ओढले जाते. मांस नासविणारे जे सूक्ष्म जंतू असतात, त्यांच्या देहातीलही पाणी मीठ असेच ओढून घेते. त्यांची वाढ थांबते व मांस टिकते. युरोपातील लोकांनीही थंडीच्या दिवसांसाठी हीच युक्ती योजिली. इंग्रजीतील ‘सॉसेज’ आणि इटालियनमधील ‘सलामी’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी मिठाचे लॅटिन नाव दडलेले आहे. मी भाषा शिकविणारी असल्यामुळे मला या गोष्टीचे कौतुक वाटते. पण ते असो. लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की खारवलेल्या मांसातून मीठ वजा करता येत नाही. मीठ कमी केले तर ते टिकणार नाही.

आता कुत्र्याकडे वळू. आपण घामाघूम होतो तेव्हा घामावाटे पाण्याबरोबर मीठही बाहेर पडते. ओठावर आलेला घाम खारट लागतो तो त्यामुळेच. कुत्र्याच्या अंगाला असा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पायांच्या तळव्यांच्या गाद्यांत असतात, आणि त्या अगदी थोड्या. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकीत घालवितो. धापेवाटे जाते ती पाण्याची वाफ, आणि वाफेबरोबर मीठ जात नाही. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या शरीरातील पाणी सारखे कमी होत असते आणि मीठ मात्र जागच्या जागी राहते. जास्तीचे मीठ बाहेर टाकण्याचे काम त्याच्या मूत्रपिंडांवर पडते, आणि त्या कामासाठी मूत्रपिंडांना पुन्हा पाणीच लागते.

मीठ त्याला मुळीच नको असे मात्र नाही. मिठातील सोडियम हे द्रव्य मज्जातंतूंच्या व स्नायूंच्या व्यापाराला आवश्यकच असते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली कुत्र्यांच्या आहाराची जी प्रमाणे प्रसिद्ध केली, त्यांच्या हिशेबाने पंधरा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम पुरते. मिठाच्या रूपाने हे होते अर्धा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा. ताज्या मांसात व मासळीत निसर्गतः जे सोडियम असते त्यातून त्याची बरीचशी गरज भागते. शंभर ग्रॅम ताज्या डुकराच्या मांसात सोडियम असते साधारण ६० मिलिग्रॅम. तेच मांस खारवून त्याचा हॅम केला म्हणजे शंभर ग्रॅमांत ते सुमारे १,२०० मिलिग्रॅमवर जाते. वीस पट! पंधरा किलोच्या कुत्र्याची सहा दिवसांची शिदोरी त्या एका मुठीएवढ्या मांसात असते. बेकन, सलामी यांची मजल याहूनही पुढे जाते. कोंबडीच्या मांसाचे सॉसेज डुकराच्या सॉसेजपेक्षा सौम्य, अशी एक समजूत अलीकडे आपल्या घरांत पसरली आहे. कोंबडी सौम्य असेल. पण कारखान्यात तिच्यात मिसळलेले मीठ सौम्य नसते. शाळेच्या फाटकाबाहेर मधल्या सुटीत डब्यातले सॉसेजचे तुकडे कुत्र्यांना टाकण्याची जी चढाओढ चालते, ती मी वर्गाच्या खिडकीतून पाहत असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

याचा अर्थ एक तुकडा खाल्ला की कुत्रे मरते असा कोणी घेऊ नये. भीती घालून सांगितलेली माहिती फार दिवस टिकत नाही, आणि ती खरीही नसते. निरोगी कुत्र्याला हवे तेवढे पाणी प्यावयास मिळाले तर जास्तीचे मीठ तो मूत्रावाटे टाकून देतो. दर किलो वजनामागे दोन ग्रॅमांच्या आसपास मीठ एकदम पोटात गेले म्हणजे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि चार ग्रॅमांच्या सुमारास ते प्राणघातक ठरू शकते, असे पशुवैद्यकाचे ग्रंथ सांगतात. पंधरा किलोच्या कुत्र्याला हे पहिले माप गाठण्यास किलोभर हॅम लागेल. तीन किलोच्या पॉमेरेनियनला मात्र दोनशे ग्रॅम पुरे होईल, आणि नुसते मीठ म्हटले तर सपाट एक चमचा. शिवाय कुत्रे म्हातारे असेल, त्याचे हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे झाले असेल, तर त्याला याहून पुष्कळच थोडे मीठ बाधते. दुबळ्या हृदयाच्या कुत्र्याच्या शरीरात मिठामुळे पाणी साठून राहते, फुप्फुसांत उतरते आणि त्याला श्वास घेणे कठीण होते. हे एका दिवसात घडत नाही. रोजच्या लाडाच्या तुकड्यांनी ते हळूहळू घडते, आणि म्हणून त्याचे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

मिठाची खरी विषबाधा बहुधा निराळ्याच वाटांनी होते. डुकराची जीभ किंवा मांस ज्या मिठाच्या पाण्यात मुरवितात ते पाणी परसात ओतले आणि मांसाच्या वासाने कुत्र्याने ते चाटून पुसून प्यायले. कुत्र्याला खारी मासळी खाऊ घालून दिवसभर साखळीने बांधून ठेवले आणि पाण्याचे भांडे उपडे झाले. समुद्रावर नेलेले कुत्रे खेळता खेळता तहानेने लाटांचे पाणी प्याले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. मिरामारला किंवा कोलव्याला कुत्रे घेऊन जाणाऱ्यांनी गोड्या पाण्याची बाटली बरोबर न्यावी हे उत्तम.

आता ती हकीकत.

आमच्या वाड्यावर शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहतात. त्यांच्या घरी टायगर नावाचे बारा किलो वजनाचे एक गावठी कुत्रे आहे. नाव वाघाचे, स्वभाव शेळीचा! गेल्या मे महिन्यात त्यांनी पुरुमेंतासाठी चोरिसांची माळ करून चुलीजवळ टांगली होती. दुपारी त्या पडल्या असताना टायगरने ओट्यावर उडी घेऊन ती ओढली व दोऱ्यासकट निम्मीअधिक फस्त केली. बाई घाबऱ्याघुबऱ्या माझ्या दारी आल्या. “कितें करूं आतां, टीचर?” मी शिक्षिका, तेव्हा मला सर्व ठाऊक असणार असा त्यांचा भाबडा विश्वास. मीही तो खोटा ठरू दिला नाही. लहानपणी कोठेतरी ऐकलेले मला आठवले, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की मिठाचे दाट पाणी पाजा, म्हणजे सगळे ओकून पडेल. तीन चमचे मीठ पाण्यात कालवून आम्ही दोघींनी त्याच्या जबड्यात ओतले. एवढ्यावर न थांबता, उलटी होईपर्यंत साधे पाणी देऊ नका, असेही मीच बजावले.

उलटी झाली ती थोडीशीच. पुढे दोन तासांत टायगर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देऊ लागला. भिंतीला धडकला, मग आडवा पडला आणि त्याचे पाय थरथरू लागले. तेव्हा कोठे आम्हांला पशुवैद्यांकडे जाण्याची बुद्धी सुचली.

डॉक्टरांनी काय खाल्ले ते विचारले, मग काय पाजले ते विचारले. मी सांगितले. ते माझ्याकडे पाहून काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणे मला अधिक लागले. तीन चमचे म्हणजे अठरा ग्रॅम मीठ. बारा किलोच्या कुत्र्यासाठी चोवीस ग्रॅमांपासून धोका सुरू होतो, आणि चोरिसांतील मीठ पोटात आधीच होते. म्हणजे चोरिसांनी जे एकट्याने साधले नसते ते माझ्या उपायाने साधून दिले. मिठाच्या पाण्याने ओकारी काढण्याचा हा उपाय पशुवैद्यकाने त्याज्य ठरविलेला आहे. उलटी झाली नाही तर दिलेले सर्व मीठ रक्तात उतरते.

रक्तात उतरलेले मीठ काय करते ते कैरीच्या फोडींवरून ताडता येईल. रक्त खारट झाले की ते पेशींतील पाणी ओढू लागते, आणि सर्वांत मोठे नुकसान मेंदूचे होते. मेंदूच्या पेशी पाणी गमावून आक्रसतात. कवटी काही आक्रसत नाही. त्यामुळे मेंदू व कवटी यांमधल्या नाजूक रक्तवाहिन्या ताणल्या जातात व कधी फुटतात. झोकांड्या, थरथर, झटके, बेशुद्धी ही सारी त्याचीच चिन्हे. त्याआधी विलक्षण तहान, उलट्या, जुलाब आणि वारंवार लघवी ही लक्षणे दिसतात.

मग पोटभर पाणी पाजले की झाले, असे वाटेल. मलाही वाटले, आणि मी डॉक्टरांना तसे विचारलेही. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. रक्तातले मीठ बराच काळ वाढलेले राहिले तर मेंदूच्या पेशी स्वतःच्या बचावासाठी आपल्या आत काही द्रव्ये तयार करून पाणी धरून ठेवतात. अशा वेळी एकदम भरपूर पाणी शरीरात गेले तर तेच पाणी त्या पेशींत घुसते आणि मेंदूला सूज येते. म्हणून हे मीठ हळूहळू, रक्त वरचेवर तपासून उतरवावे लागते. कुत्रे शुद्धीवर असेल, ओकत नसेल, तर दवाखान्यात नेईपर्यंत त्याला थोडे थोडे पाणी चाटू द्यावे. बळेच ओतू नये, कारण ग्लानीत असलेल्या प्राण्याच्या श्वासनलिकेत ते जाण्याची भीती असते. याहून अधिक काही घरी करू नये. टायगरला दोन दिवस शिरेवाटे थेंबाथेंबाने औषधी द्रव दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेपटी हालविली.

एवढ्याने भागले नाही. चोरिसाबरोबर दोराही पोटात गेला होता. लांब दोऱ्याचे एक टोक वर अडकले व दुसरे आतड्यात पुढे सरकत राहिले तर लेंग्याची नाडी ओढल्यावर नेफा जसा चुण्या पडून गोळा होतो तसे आतडे गोळा होते आणि दोरा त्यास कापीत जातो. तो शौचावाटे लोंबताना दिसला तरी ओढू नये, हे डॉक्टरांनी बाईंना पुनःपुन्हा सांगितले. टायगरच्या सुदैवाने दोऱ्याचे तुकडे झाले होते; ते आपोआप पडून गेले.

चरबीचेही असेच. खारवलेल्या मांसात चरबी पुष्कळ असते, आणि एका वेळी फार चरबी खाल्लेल्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग ते सारखे ओकते, पोटाला हात लावू देत नाही, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करून उभे राहते. पाहणाराला ते नमस्कार घालीत आहे असे वाटावे, परंतु ती वेदनेची मुद्रा असते. लसूण व कांदा यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवीला तांबूस रंग येतो, आणि तोवर मसालेदार तुकडा दिल्याचे कोणाला आठवतही नसते. मांजर या बाबतीत कुत्र्याहून नाजूक.

कारखान्याच्या मांसात सोडियम नायट्राइट हे आणखी एक द्रव्य असते. हॅमचा गुलाबी रंग त्याचाच. ते उगीच घातलेले नसते. बिघडलेल्या सॉसेजमुळे माणसे दगावत, त्या रोगाचे सविस्तर वर्णन जर्मनीतील युस्टिनुस केर्नर नावाच्या वैद्याने १८२० च्या सुमारास केले. हा गृहस्थ कवीही होता. त्या रोगाच्या जंतूला पुढे सॉसेजच्या लॅटिन नावावरूनच ‘बोट्युलिनम’ हे नाव मिळाले. नायट्राइट त्या जंतूला आवरते. जे द्रव्य माणसाचे रक्षण करण्यासाठी मांसात आले, ते मोजून मापून माणसासाठीच आलेले आहे.

मग कुत्र्याला द्यावे काय? आपल्याकडे वैश्वदेवाच्या बळीत कुत्र्याचा वाटा जेवणापूर्वीच काढून ठेवीत. ती रीत आता फारशी राहिली नाही, पण तिच्यातली एक गोष्ट स्वयंपाकघरात सहज पाळता येते. मासळी किंवा कोंबडी शिजत असताना मीठ, कांदा, लसूण व वाटण पडण्यापूर्वीच कुत्र्याचे दोन तुकडे बाजूला काढावेत, काटे-हाडे वेचून ते साध्या भातात कालवावेत. भाताच्या पेजेत उकडलेले अंडे कुस्करून दिले तरी तो आनंदाने खातो. पानात उरलेले उष्टे त्याला घालण्याची सवय मात्र सोडावी लागेल, कारण आपले पान मिठावाचून नसते. नामदेवांची कोरडी पोळी कुत्र्याने पळविली तेव्हा तुपाची वाटी घेऊन ते त्याच्यामागे धावले, ही कथा तुम्ही ऐकलेली आहे. तूपही बेतानेच बरे, असे आजचा पशुवैद्य म्हणेल. पण नामदेव लोणच्याची बरणी घेऊन धावले नाहीत हे आपण ध्यानात घेऊ.

शाळेच्या फाटकाजवळ, शिपाईमामांच्या खोलीच्या कडेला, या जूनपासून पाण्याची एक पसरट कुंडी ठेवली आहे. ती रोज सकाळी घासून भरण्याची पाळी आठवीच्या मुलामुलींनी आपसांत वाटून घेतली आहे. टायगर सुखरूप आहे. बाईंनी चोरिसांची माळ चुलीजवळून काढून वर वाशाला टांगली आहे, आणि तो रोज दुपारी तिच्या बरोबर खाली बसून वर पाहत असतो.